तुळशीरामच्या जागी

सत्तावन्न सालच्या एप्रिलमधल्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी वारा पडला. पनवेलच्या खाडीकाठी त्या दिवसांत दुपारचा वारा सहसा पडत नाही. अकराच्या सुमारास तो पश्चिमेकडून सुटतो आणि दिवेलागणीपर्यंत आगरातल्या पाण्यावर बारीक सुरकुत्या पाडीत राहतो. त्या वाऱ्यावर आणि उन्हावर मीठ धरते. तुळशीरामच्या आगरात अकरा वाफे होते. प्रत्येक वाफ्यात चार बोटे खारे पाणी आणि त्या पाण्याखाली नखाएवढ्या जाडीचे मीठ धरलेले होते. दाणा पुरा व्हायला आणखी चार दिवसांचे ऊन हवे होते.

तुळशीराम बांधावर उभा राहून नेऱ्याच्या डोंगरांकडे पाहत होता. त्या डोंगरांच्या डोक्यावर करडा थर बसला होता.

"वारा मेला," तो म्हणाला.

"उद्या येल," हौसा म्हणाली. ती रिकामी पाटी उपडी घालून तिच्यावर बसली होती.

"आन् उद्या नाय आला तर?"

"तर परवा येल. तोंड पाडून बसलं म्हनून येतो का तो?"

"परवा ऐतवार."

हौसा पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागली. रविवारी पनवेलच्या तळ्यावर तुळशीरामचा बाप्तिस्मा व्हायचा होता. मुंबईहून पाळकसाहेब येणार होते. महिनाभर घरात हा विषय निघाला की ती असेच करी. माती उकरायची आणि दुसरीकडे पाहायचे. तिने हो म्हटले नव्हते, नाहीही म्हटले नव्हते. घरातल्या पुरुषाने ठरवले की घराचे ठरले, अशी तिची समजूत होती. मात्र या खेपेला नेमके काय ठरले आहे, ते तिला कोणी धडपणे सांगू शकले नव्हते.

ज्याने हे ठरवायला लावले तो धर्मराज मास्तर तीन वर्षांपूर्वी नगरकडून आला होता. पनवेलच्या बाजारात मुबारक टांगेवाल्याच्या माडीवर त्याची खोली होती आणि तेच मिशनचे केंद्र होते. सायकलच्या दांड्याला पिशवी अडकवून तो खाडीकाठचे पाडे फिरे. लोक त्याला मास्तर म्हणत, कारण उपदेशक हा शब्द कोणाच्या तोंडात बसत नसे. आपल्या आजोबांनी महारवाड्यात बाप्तिस्मा घेतला होता, हे त्याने पाड्यावर पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते. आपली ओळख मागाहून कोणी शोधून काढावी, हे त्याला नको होते. तेव्हापासून त्याला पाणी मिळे ते ओंजळीत, वरून. तो पिऊन मिशा पुशी आणि आपले बोलणे पुढे चालू करी. मात्र एवढ्या फिरण्यात त्याच्या हातून एकही बाप्तिस्मा झाला नव्हता. यंदाही झाला नाही तर जूनपासून पनवेलचे केंद्र बंद, असे मुंबईच्या समितीने त्याला लेखी कळवले होते.

तुळशीराम त्याच्याकडे ओढला गेला तो पायांमुळे. यंदाच्या हंगामात खाऱ्या पाण्याने त्याच्या टाचांना बोटबोटभर चिरा पडल्या होत्या आणि त्यांत मीठ भरले होते. मास्तरने एका संध्याकाळी चुलीवर पाणी कोमट करायला सांगितले, तुळशीरामचे पाय आपल्या मांडीवर घेतले, धुतले आणि मलम लावले. असे तो आठ दिवस येत राहिला. शिकलेल्या माणसाने आपले पाय धरावेत याचा तुळशीरामला मलमापेक्षा अधिक चटका बसला. आठव्या दिवशी त्याने विचारले, "मास्तर, तुमचा देव काय सांगतो ते सांगा एकदा."

मास्तरने वधस्तंभाची गोष्ट सांगितली. दंड आपल्याला व्हायचा होता, तो त्याने आपल्या जागी सोसला, असे सांगितले. तुळशीराम बराच वेळ टाचेवरून बोट फिरवीत राहिला.

"म्हंजे बदली गेला," शेवटी तो म्हणाला.

मास्तरला ते प्रथम कळले नाही. मग तुळशीरामने बांधाची रीत सांगितली. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला समुद्राच्या बांधावर राखण लागते आणि तिथे घरटी एक माणूस द्यावा लागतो. कर्ता आजारी असला तर घरचा दुसरा कोणीही बदली जातो. गावचा पुढारी कर्त्याच्या नावाने हाक मारतो आणि जो आलेला असेल तो 'हाय' म्हणतो. आपले नाव सांगायचे नसते. एका विधवेचा जावई असा बदली आला आणि बांधावर त्याचा पाय मोडला. तेव्हा गावाने महिनाभर धान्य पोचवले ते विधवेच्या घरी. पाय जावयाचा मोडला असला, तरी ती खोट तिच्या घराला आली, असे गावाने धरले.

मास्तरला इतका आनंद झाला की परतताना तो वळणावर सायकलवरून उतरून उभाच राहिला. तीन वर्षे जो दृष्टान्त तो शोधत होता तो या लोकांच्या बांधावरच होता. पुढचे दोन महिने प्रत्येक पाड्यावर त्याने बदलीचीच गोष्ट सांगितली. मुंबईच्या पत्रातही तिच्यासाठी एक पान खर्च केले.

शनिवारीही वारा आला नाही. आभाळ खाली उतरले. शेजारच्या आगरातल्या लोकांनी दुपारीच फळ्या काढल्या आणि कच्चे मीठ ओढायला घेतले. मीठ ओढणे म्हणजे लांब दांड्याची लाकडी फळी पाण्यातून सारत नेऊन तळाचे मीठ कडेला आणणे. हे काम खांद्याने करायचे नसते, मनगटाने करायचे असते. खालची माती वर्षानुवर्षे पायांनी तुडवून घोटलेली असते. फळीचे नाक किंचित खाली गेले की माती उखडते आणि मीठ काळे पडते. तुळशीरामच्या घरात हे काम एकट्या त्यालाच येत होते. हौसा पाट्या वाही. धाकटा भाऊ बळीराम मचव्यावर खलाशी होता, आणि चार दिवसांपूर्वी खडकावरची कालवे काढताना त्याचा उजवा तळवा अंगठ्यापासून करंगळीपर्यंत फाटला होता. हात फडक्यात बांधून तो घरी बसून होता. तो हात खाऱ्या पाण्यात घालणे शक्य नव्हते.

संध्याकाळपर्यंत दोन वाफे झाले. नऊ राहिले.

"उद्या फाटेपासनं लागलो तर तिन्हीसांजेला होतील," तुळशीराम भाकरी मोडताना म्हणाला.

"आन् तला?" हौसाने विचारले.

तुळशीरामने घास चावून संपवला. "बळ्या, तू जाशील बदली."

बळीरामला ठसका लागला. "मी? त्या मास्तरच्या पान्यात?"

"तुझा हात मोकला हाय."

"हात बांधलेला हाय, दादा."

"तोच तर मोकला. कामाचा नाय तो. मी शब्द दिलाय. बंबईचा मानूस येतोय, घरातनं कोनी गेला नाय तर काय बोलतील?"

"आन् मी परत आल्यावं काय खायचं, काय नाय? मासली चालती का?"

"तू काय इचार करतोस! तुला कुठं व्हायचंय? व्हनार मी. तू नुसता हाय म्हन."

बळीरामने वहिनीकडे पाहिले. हौसा निखाऱ्यावर राख ओढत म्हणाली, "डोकं पुसून ये म्हंजे झालं. पडसं धरतं तुला."

रविवारी साडेबाराला तळ्याच्या पायऱ्यांवर मोजून सहा माणसे होती. पाळकसाहेब, उरणहून आलेले एक ख्रिस्ती जोडपे, पोस्टातले तारमास्तर, त्यांची बायको आणि बळीराम. मुबारक वर रस्त्यावर टांगा सोडून घोड्याला चारा घालीत होता. पाळकसाहेब वयस्क होते, पायांत कातडी बूट होते, आणि दर थोड्या वेळाने ते आभाळाकडे पाहत. मुंबईची एस.टी. पावणेतीनला होती आणि दुसरी चारला. पाऊस आला तर रस्त्यात अडकू, अशी धास्ती त्यांनी सकाळपासून तीनदा बोलून दाखवली होती.

मास्तरला यायला पाच मिनिटे उशीर झाला, कारण उपासना संपल्यावर खोलीचे कुलूप लागेना. तो पायऱ्या उतरू लागला तेव्हा पाळकसाहेब गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांच्यासमोर पाठमोरा एक माणूस मान वाकवून उभा होता. तुळशीरामचाच धुतलेला सदरा, तुळशीरामचीच टोपी काखेत. पाळकसाहेबांनी विचारले, "तुळशीराम, तू स्वखुशीने आला आहेस का?"

"हाय," माणूस म्हणाला.

पाळकसाहेबांनी ओंजळ भरली आणि पित्याच्या नावाने त्याच्या डोक्यावर ओतली.

त्याच वेळी मास्तरला फडक्यात बांधलेला उजवा हात दिसला. पाळकसाहेब दुसऱ्या ओंजळीसाठी वाकले होते. त्यांनी तुळशीरामला पूर्वी कधी पाहिले नव्हते. उरणच्या जोडप्याने नव्हते, तारमास्तरनेही नव्हते. आणखी दोन ओंजळी पडल्या असत्या तर केंद्राच्या वहीत पहिले नाव चढले असते, आणि ते नाव खरोखरच ज्याला हवे होते त्याचे असते. मास्तरने एवढा विचार केला, आणि एवढा विचार आपल्याला करता आला याचीच त्याला भीती वाटली.

"थांबा," तो म्हणाला. "हा तुळशीराम नाही."

पाळकसाहेबांच्या ओंजळीतले पाणी बोटांतून गळून गेले. "मग कोण आहे?"

"त्याचा भाऊ. बळीराम."

"तू आत्ता नाव सांगितलेस ना?" पाळकसाहेबांनी बळीरामला विचारले.

"मी कुठं सांगितलं? तुमी हाक मारलीत, मी हाय बोल्लो." बळीरामच्या भुवयांवरून पाणी टिपकत होते. "दादाचं मीठ हाय वाफ्यात. तो येऊ शकत नाय. घरचा मानूस बदली आलाय. यात खोटं काय?"

"बाप्तिस्मा ज्याचा त्याने घ्यायचा असतो. दुसऱ्याच्या वतीने तो होत नाही."

"मंग मास्तर दोन महिने काय सांगत होते?" बळीराम मास्तरकडे वळला. तो भांडत नव्हता, त्याला खरेच समजत नव्हते. "तुमचा देव समद्यांच्या बदली गेला, ते चाललं. आमच्या घरातला एक गेला, ते चालत नाय?"

पाळकसाहेबांनी मास्तरकडे पाहिले. मास्तरने तोंड उघडले. अशा प्रश्नांची उत्तरे त्याने नगरच्या वर्गात पाठ केली होती आणि ती बरोबरच होती. परंतु ती ज्या शब्दांत होती ते शब्द इथे पाण्यात उभे राहून बोलण्याजोगे नव्हते.

वरून मुबारकचा आवाज आला. "पाद्रीसाहेब, माफी असावी, मधे बोलतो. आमच्यात नमाज दुसऱ्याच्या नावाने होत नाय, ते तुमचं बरोबर. पन हज होतो हां. माझे वालिद गुजरले, त्यांचा हज राहिला. चाचा गेले त्यांच्या नावाने. हज्जे-बदल बोलतात. मौलवींनी कबूल केला."

"मुबारक, तू घोड्याकडे पाहा," मास्तर म्हणाला.

"पाहतोय. तो पन ऐकतोय."

तारमास्तरच्या बायकोला हसू आले. तिने पदर तोंडाशी धरला. पाळकसाहेब पाण्यातून बाहेर आले आणि पायरीवर बसून बूट घालू लागले. नाडी बांधताना ते हलक्या आवाजात म्हणाले, "धर्मराज, तू थांबवलेस ते योग्य केलेस. पण समितीला मी काय सांगू? चारच्या गाडीपर्यंत मी थांबतो. त्याला घेऊन ये."

"माझं काय?" बळीराम अजून पाण्यातच होता.

तीन मैल सायकल मारून मास्तर आगरावर पोचला तेव्हा दीड वाजला होता. आभाळ डोंगरांवरून सरकून खारघरच्या टेकड्यांपर्यंत आले होते. पाच वाफे झाले होते, चार उरले होते. तुळशीराम पोटरीभर पाण्यात वाकून फळी ओढत होता. त्याच्या पाठीवर घाम वाळून पांढरे पट्टे उमटले होते.

"झालं?" त्याने मान वर न करता विचारले.

"नाही. तुला स्वतः यावे लागेल. चारच्या आत."

तुळशीरामने फळी थांबवली. मास्तर त्याला समजावू लागला आणि दुसऱ्याच वाक्याला आपणच सांगितलेल्या गोष्टीत अडखळला.

"मंग ते बदलीचं खोटं होतं?"

"खोटे नव्हते."

"मंग?"

"ते त्याचे होते. हे तुझे आहे."

तुळशीरामने डोके हलवले, ते समजल्याचे होते की थकल्याचे ते कळले नाही. "चार वाफे कोन वढनार? पाऊस आला तर हंगाम गेला. मालक पुढल्या साली आगर दुसऱ्याला देल."

मास्तरने सायकल बांधाला टेकवली, बूट काढले, धोतर वर खोचले. "मी ओढतो. तू जा."

"तुमी?" हौसा पाटी टेकवून म्हणाली. "आगरात बदली घरचा लागतो. बाकीचे काय म्हनतील?" शेजारच्या आगरातली माणसे फळ्या थांबवून पाहतच होती. वाफ्यात कोण उतरतो आहे, हे प्रत्येकाला माहीत होते.

तुळशीरामने एकदा आभाळाकडे आणि एकदा मास्तरच्या गुळगुळीत पावलांकडे पाहिले. "म्हनू दे," तो म्हणाला आणि दांडा मास्तरच्या हातात दिला. "नाक वर ठेवा फलीचं. मनगटानं. खांद्यानं नाय." मग तो बांधावरून पळत सुटला.

पहिल्या दहा हातांत मास्तरला कळले की हे काम त्याला येणार नाही. पाणी तेलासारखे जड होते. सकाळी दाढी करताना गालाला झालेली जखम खाऱ्या शिंतोड्यांनी जळत होती. फळी पाण्यावर तरंगे, म्हणून त्याने ती दाबली. ती अडली, म्हणून त्याने खांदा लावला. फळीच्या मागे काळा ढग उठला आणि वाफाभर पसरला.

"अरे, काय करतोस!" हौसा कडेवरून ओरडली. "माती काढतोस का मीठ? दाबू नको! ढोपरं वाकव! डोले फुटले का तुझे? सोड तो वाफा, तो गेला. पुढल्यात उतर. हलू! आनी हलू!"

ती त्याला अरे-तुरे करते आहे हे तिच्या ध्यानात आले नाही. मास्तरच्या आले. परंतु त्यावर विचार करायला सवड नव्हती. तो पुढच्या वाफ्यात उतरला आणि तिच्या शिव्यांच्या तालावर फळी सारू लागला. तासाभराने त्याच्या तळहातांवर फोड आले आणि फुटले. त्यांत मीठ गेले तेव्हा त्याच्या तोंडून आवाज निघाला. हौसा म्हणाली, "थांबू नको. थांबलं की जास्त झोंबतं." दुसरा वाफा करडा निघाला, तिसरा निम्मा पांढरा. चौथ्यात तो असताना वीज चमकली आणि नेऱ्याकडे पावसाचा पडदा उतरलेला स्पष्ट दिसला. डोंगर झाकले गेले. वारा उलटा, जमिनीकडून सुटला, त्यात ओल्या मातीचा वास होता. सगळ्या आगरांतली माणसे फळ्या टाकून उभी राहिली.

पाऊस पुढे आला नाही. अर्धा तास तो डोंगरांवरच पडत राहिला. मग आभाळ फाटले, खारघरच्या टेकडीवर ऊन आले आणि तिथून सरकत आगरावर उतरले. चार दिवस ठेवले असते तर पुरा दाणा धरला असता, ते मीठ कच्चे, ओले, काळेकरडे होऊन कडेला पडले होते.

पाचच्या सुमारास मुबारकचा टांगा बांधापाशी येऊन थांबला. तुळशीराम आणि बळीराम उतरले. तुळशीरामचा सदरा घामाने भिजला होता, डोके कोरडे होते.

"गेले," तो म्हणाला. "मी तल्यावर गेलो, कोन नाय. स्टॅंडवर गेलो, चारच्या गाडीपर्यंत थांबलो, मंग मुबारकभाई भेटला."

"आसमान बघून घाबरले पाद्रीसाहेब," मुबारक म्हणाला. "पावणेतीनच्या गाडीने गेले. मी बोललो, जरा रुका, मास्तर येनार. बोलले, रस्त्यात पाऊस गाठेल. तुमच्यासाठी निरोप ठेवलाय, पत्र पाठवतो म्हणून."

मास्तरने मान हलवली. पत्रात काय असेल ते त्याला आताच माहीत होते.

तुळशीरामने वाफे पाहिले. काळा वाफा पाहिला. वाकून चिमूटभर मीठ उचलले, बोटांत चोळले आणि टाकून दिले. त्याला राग आला असता तर मास्तरला बरे वाटले असते.

बळीराम बांधावर उकिडवा बसला होता. दुपारपासून त्याने डोके पुसलेले नव्हते. केस वाळून चिकटले होते, आणि त्यांना तो हात लावत नव्हता.

"मास्तर," तो म्हणाला, "एक ओंजल माझ्यावर पडली. ती कोनाची? दादाची का माझी?"

कोणी हसले नाही.

"मला ठाऊक नाही," मास्तर म्हणाला.

"तुमाला ठाऊक नाय तर कोनाला?" बळीरामचा आवाज चढला. "दादाला पायजे होतं, त्याला मिलालं नाय. मला नको होतं, माझ्यावर पडलं. मी सकालपासनं जेवलो नाय. काय खायाचं ते कलत नाय. पाड्यावर समद्यांनी बघितलंय मी गेलेला."

"घरी चल, भात हाय," हौसा म्हणाली. "तो खा. भाताला कोनाचा देव नाय म्हनत नाय."

"मंग बंबईला इचारून सांगा," तुळशीराम मास्तरला म्हणाला. "त्याचं बी आन् माझं बी. घाई नाय. पुढल्या महिन्यात सांगितलंत तरी चालेल."

मास्तरने तळहात धोतराला पुसले. धोतरावर रक्ताचे आणि चिखलाचे डाग उमटले. "तुळशीराम, मी जूनमध्ये इथे नसेन. केंद्र बंद होते आहे. मला नगरला परत जायला सांगतील."

तुळशीरामने आपल्या दृष्टीने सर्वांत साधा असलेला प्रश्न विचारला.

"तुमच्या जागी कोन येल?"

मास्तरने डोंगरांकडे पाहिले. पाऊस पडून गेलेले डोंगर एवढे स्वच्छ दिसत होते की त्यांच्यावरच्या पायवाटा मोजता आल्या असत्या.

"कोणी नाही," तो म्हणाला.

"असं कसं?" तुळशीराम म्हणाला. "कोनीतरी लागतंच ना."

हौसाने ओल्या मिठाने पाटी भरली. ती एकटीने डोक्यावर चढवण्यासारखी नव्हती. तिने कोणाला हाक मारली नाही, नुसती वाकून वाट पाहत राहिली. मास्तर पुढे झाला, त्याने फुटलेल्या फोडांचे हात पाटीच्या काठाखाली घातले आणि भार वर उचलला.